एका दिवशी एक धान

सूरजबाईच्या कंचनची गोष्ट धुळ्यात अजून सांगतात आणि दर वेळी चुकीची सांगतात. आईनं ओळीचं व्रत केलं, पोर बरी झाली, देवाची कृपा, संपलं. ऐकलं की मला राग येतो. देवाच्या कृपेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या सांगण्यात सूरजबाईचं डोकं वगळलं जातं, आणि तसं डोकं मी पुढे फारसं कुठे पाहिलं नाही. मी तेव्हा त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. जे घडलं ते बरंचसं माझ्या जिन्याखालच्या चौकात घडलं. तेव्हा एकदा नीट लिहून ठेवते.

साल सदुसष्ट. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत दलिचंदजींचं घर. पुढे धान्याची पेढी, मागे चौक आणि स्वयंपाकघर. मारवाडातून आलेलं जैन घराणं, पण इथे इतकं मुरलेलं की दलिचंदजी गिऱ्हाइकाशी अहिराणीत भांडत आणि हिशेब मारवाडीत करत. घरात ते, त्यांची बायको चंदनबाई, मुलगा कन्हैयालाल, सून सूरजबाई आणि नात कंचन. सूरजबाईचं माहेर जळगावचं. मराठी चौथी झालेली, अंगानं लहानखुरी, बोलणं कमी. पहिलं वर्षभर मला ती जराशी मंद वाटायची, कारण काही विचारलं की लगेच उत्तर देत नसे. नंतर कळलं, ती खरंच विचार करून उत्तर देते. आपल्याला त्याची सवय नसते.

पेढीचं नाव होतं गव्हासाठी. रेशनवर तेव्हा परदेशी लाल गहू मिळे, त्याच्या पोळ्या चामड्यासारख्या व्हायच्या. ज्याला परवडे तो दलिचंदजींकडून बन्सी गहू नेई. म्हातारा मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, हा खा, मग दवाखान्याची पायरी चढायची वेळ यायची नाही.

आणि त्याच घरातली नात दवाखान्याच्या पायरीवरून उतरत नव्हती.

कंचन पाच वर्षांची होती, दिसायची दोनची. पोट मडक्यासारखं, त्याखाली काड्या लावल्यासारखे पाय, केस भुरे, चेहरा म्हातारीचा. अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती म्हणे. वरचं खायला लागली आणि उतरण सुरू झाली. दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब, फेसाळ, तेलकट, आणि वास असा की चौकातून माझ्या खिडकीपर्यंत यायचा. लिहायला बरं वाटत नाही, पण तेच लपवलं तर पुढचं काही समजणार नाही. रडायची ती भुकेनं नव्हे. तिला भूक नव्हतीच. घास पुढे केला की तोंड फिरवायची, मग आजी मागे, आई मागे, काऊ-चिऊ, आणि तरी घास पदरातच.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी जंताची औषधं दिली, लिव्हरची दिली, इंजेक्शनं दिली. पचायला हलकं म्हणून टोस्ट, बिस्किटं, रव्याची खीर, दलिया सांगितला. वैद्यांनी संग्रहणी म्हणून पर्पटी दिली आणि नुसत्या ताकावर ठेवलं. त्या ताकाच्या दिवसांत पोर जराशी सावरली, पथ्य सुटलं की पुन्हा होती तिथे. चंदनबाईंचा जीव तिच्यात अडकलेला. पेढीतला सगळ्यात चांगला गहू त्या स्वतः निवडायच्या, वस्त्रगाळ पीठ करायच्या, तुपात मऊ केलेला फुलका गुळाशी कुस्करून भरवायच्या. पेढीवर धान्य निवडायला येणारी भागाबाई एकदा सूप बाजूला ठेवून मला म्हणाली होती, "पोर बठ्ठी वाळी गई, बाई. आते नुसता डोया शेतस."

डोळेच उरले होते, खरं होतं ते. डॉक्टरांनी कन्हैयालालला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा काढेल असं वाटत नाही. कन्हैयालाल हे घरात कुणाला बोलला नाही, पण त्या दिवसापासून तो पेढीवरून लवकर आत यायला लागला, आणि सूरजबाईला तेवढ्यावरून कळलं.

चैत्रात नवपदाची ओळी असते. जैन बायका नऊ दिवस आयंबिल करतात. दिवसातून एकदा जेवायचं आणि तेही तूप, तेल, दूध, दही, गूळ यातलं काही न घेता, नुसतं उकडलेलं किंवा भाजलेलं. त्यात आणखी कडक एक प्रकार असतो. नवपदं म्हणजे जैनांची नऊ पूज्य पदं, त्यांना रंग आहेत आणि ज्या पदाचा जो रंग त्याच रंगाचं एकच धान्य त्या दिवशी खायचं. पहिला दिवस पांढरा, म्हणजे तांदूळ. दुसरा लाल, त्या दिवशी गहू. मग पिवळा हरभरा, हिरवे मूग, काळे उडीद, आणि उरलेले दिवस पुन्हा पांढरा तांदूळ. सूरजबाईनं पोरीसाठी ही रंगाची ओळी धरली.

जेवायला ती उपाश्रयात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या वास्तूत जायची, आणि कंचन आईला सोडून राहायची नाही, म्हणून तिलाही कडेवर न्यायची. तिथे पहिल्याच दिवशी पोरीनं आईच्या ताटातला कोरडा भात उचलून तोंडात घातला. आजूबाजूच्या बायकांनी कौतुक केलं की एवढीशी पोर ओळीला बसली. झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला आजारी सोडून दुसरं काही म्हटलं होतं. घरी आल्यावर चंदनबाईंनी दुधात बुडवलेला टोस्ट पुढे केला, तर ही मान हलवून सांगते, "माझी ओळी आहे."

चंदनबाई हबकल्या. मरायला टेकलेल्या लेकराला बिनतुपाचं खाऊ घालायचं? पण दुसरीकडे, पोर स्वतःहून तप करते म्हणते तर तिला अडवायचं कोणत्या तोंडानं? शेवटी असं ठरलं की पोरीनं हवं तेवढ्या वेळा खावं, पण त्या दिवसाचं जे धान्य असेल तेच. मी वरून हे ऐकत होते आणि मला वाटलं, हे लोक या मुलीला लवकर पोचवणार. मी तसं सूरजबाईला सांगितलंही. ती म्हणाली, "बाई, नाहीतरी ती खात काय होती?"

दुसऱ्या दिवशी गव्हाचा कोरडा फुलका आणि रात्री नेहमीचाच गोंधळ. मग हरभरा, मग मूग. उडदाच्या दिवशी पोरीनं वाटी पुन्हा पुढे केली म्हणे. ओळी संपायच्या आधीची गोष्ट. मी सकाळी वेणी घालत होते आणि जिन्यावर पावलं वाजली. दोन पायऱ्या, थांबणं, पुन्हा दोन पायऱ्या. दार उघडलं तर कंचन. एकटी. भिंत धरून चढून आली होती. मला म्हणाली, "तुमचा आरसा बघायचाय." मी तिला आरशापुढे उभी केली. तिनं स्वतःला नीट बघून घेतलं आणि आली तशी निघून गेली. मी कंगवा हातात घेऊन किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या अंगावर काटा आला, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

जुलाब थांबले होते. पोर रात्रभर झोपायला लागली होती.

मग व्हायचं तेच झालं. गल्लीभर चमत्कार झाला. पारण्याच्या दिवशी उपाश्रयातून बायका गाणी म्हणत पोरीला घरी घेऊन आल्या, कपाळाला केशर लावलं, दलिचंदजींनी सगळ्या गल्लीला लापशी घातली. पेढीवरचा उत्तम गहू जाडसर दळून, तुपात खरपूस भाजून, गूळ घालून. पहिला घास चंदनबाईंनी स्वतः कंचनला भरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही खाल्ली, उत्तम झाली होती.

दोनच दिवसांत पोर पुन्हा अंथरुणाला. पोट फुगलेलं, तोच वास, तेच तोंड फिरवणं. बायका म्हणाल्या दृष्ट लागली, एवढं मिरवायला नको होतं. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. घरातलं प्रत्येक माणूस रडत तरी होतं किंवा दुसऱ्याला दोष तरी देत होतं. सूरजबाई दोन्ही करत नव्हती. ती पोरीचे कपडे स्वतः धुवायची, कुणाला देत नसे.

दोनेक आठवड्यांनी ती माझ्या जिन्यावर येऊन बसली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगते. ओळीत काय काय नव्हतं? दूध नव्हतं, तूप नव्हतं, गूळ नव्हता, आणि एक दिवस सोडला तर गहू नव्हता. पारण्याला हे सगळं एकदम पोटात गेलं. मग यातलं बाधलं कोणतं? सगळ्यांनी सगळ्यालाच दोष दिला तर कळणार कसं? म्हणून तिनं पुन्हा भातावर आणि मुगावर आणलं पोरीला, जरा सावरू दिलं आणि मग भातात नुसतं तूप घातलं. चाललं. काही दिवसांनी दूध. थोडं गुरगुरलं, पण चाललं. मग गूळ. चालला. हे सगळं सासूच्या नजरेआड, टोस्ट भागाबाईच्या शेळीला घालून.

"ओळीत एका दिवशी एकच धान असतं ना बाई," ती म्हणाली, "म्हणून मला सुचलं. एका वेळी एकच गोष्ट द्यायची. आता एकच उरलंय. पण ते असं कसं असेल? सगळी दुनिया खाते."

मी मुलींना फळ्यावर लिहून द्यायचे, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. मुली पाठ करून परीक्षेत उतरवून काढायच्या. आणि ही बाई मरणाऱ्या पोरीच्या उशाशी बसून, कुणीही न शिकवता, तेच करत होती, आणि उत्तर नावडतं निघालं तरी मान फिरवत नव्हती. मी तिला खरं ते सांगितलं की माझ्या पुस्तकांत असं काही नाही, पण पुस्तकात नाही म्हणून जगात नसेल असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना विचार.

डॉक्टर म्हणाले, गव्हाइतकं निरुपद्रवी काही नाही, पण महिनाभर सोडून बघायला हरकत नाही.

हरकत घरात होती. सूरजबाईनं सरळ सांगितलं की कंचनला गहू द्यायचा नाही, आणि घर उलटं झालं. दोन दिवसांत गोष्ट बाजारात गेली. झुलाल पाटील नावाचं जुनं गिऱ्हाईक पेढीवर बसून दलिचंदजींना म्हणालं, "शेटजी, तुमच्या घरात तुमचा गहू चालत नाही म्हणे. मग आम्हाला काय घालता?" गंमतीनं म्हणालं, पण चार माणसांत. दलिचंदजी त्या दुपारी न जेवता आत आले आणि चौकात उभे राहून बोलले. उद्यापासून कंचन आजीच्या हातून जेवेल. डॉक्टरांनी आधी लिहून दिलंय तेच. सुनेनं त्यात हात घालायचा नाही.

कन्हैयालाल खांबाला टेकून उभा होता. बापापुढे तो कधी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. चंदनबाईंनी टोस्टचा डबा खालच्या फळीवर काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूरजबाई मला म्हणाली, उपाश्रयात येता का सोबत? मी शाळेला अर्धी रजा टाकली. कंचन तिच्या कडेवर. साध्वीजी, ज्यांना सगळे महाराज म्हणत, जमिनीवर पोथी घेऊन बसल्या होत्या, वयस्कर, अगदी किरकोळ अंगाच्या. सूरजबाईनं वंदन केलं आणि म्हणाली, पोरीला गव्हाचं पच्चक्खाण द्या. पच्चक्खाण म्हणजे एखादी वस्तू सोडल्याचा नियम. एकदा गुरूच्या तोंडून घेतला की तो मोडायला लावणं मोठं पाप. घरातला कितीही मोठा माणूस असो, तो तसं करत नाही.

साध्वीजींनी विचारलं, कशासाठी? सूरजबाईनं सगळं सांगितलं, टोस्ट शेळीला घातले तेही.

"म्हणजे शरीरासाठी," साध्वीजी म्हणाल्या. "त्याग शरीरासाठी नसतो, बाई."

"शरीरासाठीच मागते, महाराज. खोटं कारण सांगून घेतलं तर ते पच्चक्खाण कसलं?"

साध्वीजींनी पोथी मिटली. मग त्या कंचनकडे वळल्या. "तुला फुलका आवडतो?"

"आवडतो," कंचन म्हणाली.

"गूळ घालून?"

"हो."

"तो कधीच खायचा नाही म्हटलं तर?"

पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं चेहरा दगडासारखा ठेवला होता, होय नाही की नाही नाही. कंचननं बराच विचार केला, अगदी आईसारखा, आणि म्हणाली, "पोट दुखणार नाही ना?"

साध्वीजी हसल्या. आवडती गोष्ट सोडते आहे, तेव्हा त्याग तर आहेच, असं म्हणून त्यांनी पोरीचे हात जोडायला लावले आणि सूत्र म्हटलं. मी जैन नाही, आणि कर्मकांडाचा मला एरवी कंटाळा आहे. पण काडीसारख्या बोटांचे ते जोडलेले हात मी सूत्र संपेपर्यंत बघत राहिले.

घरी आल्यावर सूरजबाईनं एवढंच सांगितलं की महाराजांनी कंचनला गव्हाचं पच्चक्खाण दिलं. दलिचंदजींच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. मग ते पेढीवर निघून गेले. चंदनबाईंनी टोस्टचा डबा उचलला आणि शेजारी देऊन आल्या. सुनेशी आठवडाभर बोलल्या नाहीत, पण गव्हाचा कण पोरीपुढे आला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. भात, मूग, उडदाचं घुटं, ताक यावर कंचन वर यायला लागली. गालांवर रंग आला. मग तिला भाकरी हवीशी वाटायला लागली. भागाबाई दुपारी चौकात बसून कळण्याची भाकरी खायची, ज्वारीत काळे उडीद घालून दळलेली, ठेच्याबरोबर. खानदेशात कष्टाच्या माणसाला हीच भाकरी उभं ठेवते. पोर तिच्यासमोर जाऊन बसायची. उडीद तर ओळीत उत्तम सोसले होते, म्हणून सूरजबाईनं कळणा दळून आणवला आणि भाकरी सुरू केली.

आणि पोर पुन्हा खाली गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी झोप गेली, मग जुलाब परतले.

आता घराला बोलायला जागा मिळाली. गहू बंद आहे ना? मग? कन्हैयालालसुद्धा म्हणाला की गहू नव्हताच कारण. डॉक्टर म्हणाले, महिना होत आला, आता पुन्हा हलका आहार सुरू करू या, हवं तर तुमच्या महाराजांकडून नियम सोडवून घ्या. चंदनबाईंना तिसराच संशय, की कुणीतरी पोरीला चोरून गव्हाचं देतंय. त्यांनी भागाबाईला चौकात सगळ्यांदेखत विचारलं. आपण काही दिलं नाही म्हणत भागाबाईनं सूप आपटलं. "मी कशाले दिसू वं माय? तुम्हना नेम माले बी ठाऊक शे. मना हातनी पोर मरी का?"

सूरजबाई त्या वेळी चुलीशी होती. नंतर तिनं मला सांगितलं की त्या दुपारी ती पहिल्यांदा घाबरली. कारण ज्वारी ओळीत नव्हती. ज्वारीही बाधत असली तर? मग उद्या तांदूळ बाधेल, परवा मूग, आणि पोरीला खायला पृथ्वीवर काही उरणार नाही. पण घाबरून तिनं काय केलं? पुन्हा तेच. भाकरी बंद केली, भातावर आणलं, थांबली. मग ज्वारीचे अख्खे दाणे भिजवून मऊ शिजवले आणि त्याच्या घुगऱ्या दिल्या. चालल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिल्या. चालल्या.

"दाणा चालतो, पीठ चालत नाही," ती जिन्यावर बसून म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग उठली आणि ज्या कामाला त्या घरातली सून कधी गेली नव्हती त्या कामाला गेली. डोक्यावर पदर घेऊन, हातात बाजरीचा डबा धरून, स्वतः गिरणीत जाऊन उभी राहिली.

दळण नेहमी भागाबाई न्यायची, त्यामुळे गिरणीत काय चालतं हे सूरजबाईनं कधी पाहिलं नव्हतं. तिथे रोजचं भांडण होतं, ज्वारी-बाजरीच्या मागून गहू दळायचा नाही, पोळ्या काळ्या होतात. गिरणीवाला तोताराम त्याला कंटाळलेला. म्हणून तो रांगेतला सगळा गहू आधी दळून काढायचा आणि ज्वारी-बाजरीचे डबे शेवटी घ्यायचा. त्यांच्या पिठात मागचं गव्हाचं आलं तर कुणी तक्रार करत नसे, उलट भाकरी जरा मऊ व्हायची. सूरजबाईनं आपला डबा दळून होईस्तोवर सगळं नीट पाहिलं आणि घरी आली.

पुढचं मी स्वतः पाहिलं. ती चौकात सासूपुढे जाऊन उभी राहिली. आजाराचं नाव काढलं नाही, गव्हाबद्दल वाद घातला नाही. म्हणाली, "माँजी, कंचनचं पच्चक्खाण रोज मोडतंय."

चंदनबाईंचा चेहरा उतरला. "कोण मोडतंय?"

सूरजबाईनं परात ठेवली आणि त्यात डबा उपडा केला. बाजरीचं राखी पीठ खाली बसलं, आणि डब्याच्या तळाशी होतं ते त्याच्यावर आलं. पांढरं, मऊ, बोटभर जाडीचं; ज्वारीच्या पिठात ते दिसलं नसतं. चंदनबाईंनी चिमूट उचलली, चोळली, नाकाशी नेली. जन्म धान्याच्या घरात गेलेला, त्यांना सांगायची गरज नव्हती.

मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण त्या क्षणी मी कठड्याला धरून खाली बघत होते आणि माझ्या मनात दुसरा शब्द येत नव्हता, फक्त अचंबा. सूरजबाईला माहीत होतं की आजाराचं कारण सासूला कधीच पटणार नाही. पण नियमाला लागलेला चिमूटभर बट्टा त्यांना झोपू देणार नाही. हे तिनं साध्वीजींकडे जातानाच योजलं होतं की गिरणीतून येताना वाटेत सुचलं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं अर्धा तास विचार केला असता.

चंदनबाई उठल्या आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं. माळ्यावरचं जातं त्याच संध्याकाळी खाली आलं, गरम पाण्यानं धुतलं, पाथरवटाकडून नव्यानं टाकी लावून घेतली. कंचनचा तवा वेगळा, परात वेगळी, पिठाचा डबा वेगळा, हात पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. ज्या हातानं फुलके लाटले तो हात राखेनं घासून धुतल्याशिवाय पोरीच्या भाकरीला लावायचा नाही. दलिचंदजी पेढीवरून आत आले तर त्यांना चौकाच्या कडेला थांबवून अंग झटकायला लावायच्या, कपड्यांवर गव्हाची धूळ असते म्हणून. म्हातारा शेटजी चौकात उभा राहून धोतर झटकतोय, हे मी पाहिलंय. उपाश्रयात आयंबिलाचं पीठ वेगळ्या जात्यावर, वेगळ्या भांड्यात होतं. म्हणूनच ओळीत हरभऱ्याचं पीठसुद्धा पोरीला सोसलं होतं, हेही आता जुळलं. डॉक्टरांनी त्या घरात चोवीस तास नर्स ठेवली असती तरी इतकी कडक व्यवस्था झाली नसती.

पुढे त्याच डॉक्टरांना मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजाराला नाव आहे. हॉलंडात लढाईच्या दिवसांत पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी मुलं सुधारलेली दिसली आणि तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं. डॉक्टर हे सांगायला स्वतः घरी आले आणि त्यांनी सूरजबाईला सारं काही पहिल्यापासून विचारून घेतलं. ती डोक्यावरचा पदर सावरत दाराआडून उत्तरं देत होती. पण हे सगळं दिवाळीनंतरचं.

मला त्याआधीची सकाळ सांगायची आहे. भर पावसाळा, डॉक्टरांनी पोर काढणार नाही म्हटलेला. जातं खाली येऊन काही आठवडे झाले होते. त्या घरात सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे नवकारशी होईस्तोवर, कुणी काही खात नसे की पाणी पीत नसे. मी वर चहा करत होते. खाली चौकात घरघर चालली होती, चंदनबाई आणि सूरजबाई समोरासमोर बसून कळणा दळत होत्या. आणि आतून रडणं ऐकू आलं.

पोरीचं रडणं मी आल्यापासून ऐकलं होतं, सगळ्या प्रकारचं. हे वेगळं होतं. मोठं, रागीट, छातीतून आलेलं. कंचन बाहेर आली आणि पाय आपटून म्हणाली, "मला भूक लागलीय."

जातं थांबलं. दलिचंदजी तोंड धुवत होते ते तांब्या हातात घेऊन चौकाच्या दारात आले. कन्हैयालाल आला. मी कठड्यावर होते. कुणीही हललं नाही. इतकी वर्षं त्या घरात ज्या शब्दाची वाट पाहिली होती तो शब्द पोर ओरडून ओरडून सांगत होती, आणि आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो, जणू कुणी गातंय. ती अधिकच चिडली. भूक लागलीय म्हटलं ना, असं म्हणून तिनं पिठाची मूठ उचलली आणि तोंडात कोंबली.

चंदनबाईंनी आकाशाकडे पाहिलं. ढग होते, ऊन कुठे आलंय ते कळत नव्हतं. त्यांनी कधी नवकारशी चुकवली नव्हती, कुणाला चुकवू दिली नव्हती.

"सूरज," त्या म्हणाल्या, "तवा ठेव."